करदोड्याची चावी

८ डिसेंबर, सोमवार
सकाळी नायक आला. तांड्याचा नायक असला तरी माझ्या दारात वर्षातून एकदा येणार, तोही वर्गणीला. आज बसला, दोन कप चहा प्याला, हिला "वहिनी, चहा झकास" म्हणाला. तिथेच मला वास आला.
म्हणे, "नाना, नियम बदलून राहिले. रोही अन् डुक्कर मारायची परवानगी आता लवकर भेटते. पण अर्ज शेतीरक्षणाच्या बंदुकीचा परवाना असणाऱ्याचाच लागतो. तांड्यात असा माणूस एकच. तुमी."
मी विचारलं, "अन् हरीण?"
"हरणाचं नाव बी काढू नका. हरणाला हात लावला की सरळ जेल." असं म्हणून हसला.
त्यात हसण्यासारखं काय होतं?

१० डिसेंबर
विलासने अर्ज लिहून आणला. पोरगं बापाला न विचारता अर्ज लिहितं म्हणजे आधी कुठेतरी बसून ठरलेलं आहे. चार ठिकाणी सह्या. चष्मा सापडत नव्हता. "बा, वाचून काय करता, रोहीचाच हाय," म्हणाला. केल्या सह्या.
रोही, म्हणजे नीलगाय, या मोसमात आपल्या वावरात एकदाच आला. हरणं रोज येतात. हरभरा शेंड्याला आला की कळप हजर. विलासने एक तुकडा दोनदा पेरला, दोन्ही वेळा साफ. हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण हरीण मारता येत नाही, हे त्यालाही माहीत आहे. मग ही घाई काहून?
मी म्हटलं, हरीण म्हणजे रानाची शोभा. तर म्हणतो, "बा, कवितेतलं हरीण वावर खात न्हाई. आपलं खातं."
 

१३ डिसेंबर
पहाटे बांधावर गेलो. धुकं. आठ-दहा माद्या आणि एक काळा नर. नर मान वर करून माझ्याकडेच पाहत होता, वर्गात नवा मास्तर आल्यासारखा.
चौथीला हरणावर कविता होती. गुरुजी चालीवर म्हणून घेत, आम्ही तांड्याची पोरं सगळ्यात मोठ्या आवाजात. घरी आमची बोली वेगळी, मराठी मला त्या कवितांनीच शिकवली. शेवटचं कडवं आठवत नाही. दोन दिवस शोधतोय. बाप ऐकून हसायचा. आजा बैलांच्या पाठीवर मीठ घेऊन रानं तुडवणारा, बाप पहिल्यांदा नांगर धरणारा, आणि मी हरणावर गाणं म्हणणारा!
बंदूक बापाचीच. एकनळी. त्याच्यामागे परवाना माझ्या नावावर झाला. हवेत बार काढण्यापलीकडे मी काही केलं नाही. शेवटचा बार दिवाळीच्या आधी. त्यानंतर नळी पुसली, तेल दिलं, पेटीत ठेवली. पेटीची चावी माझ्या करदोड्याला. अंघोळीलासुद्धा सोडत नाही.

१७ डिसेंबर
परवानगी आली. फक्त रोही, फक्त आपलं वावर, मोजके दिवस, आणि परवानाधारक स्वतः हजर पाहिजे. म्हणजे मी.

१९ डिसें.
दोन सकाळी मचाणाखाली बसलो. रोही फिरकला नाही. हरणं मात्र रोज वेळेवर. आज वि. ने बंदूक उचलली. म्हणाला, नुसतं वजन बघतो. नळी कळपावर. बराच वेळ. मी खोकलो. कळप उधळला.
"बा, खोकला कधीपास्नं?"
"आत्तापास्नं."


२० डिसेंबर
मुदत संपली. बंदूक पेटीत, चावी जागेवर. बरं वाटलं. फार लवकर वाटलं बहुतेक.

२२ डिसेंबर
आता परवान्याच्या नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. हिंगोलीला गेलो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, दाखला नाही. वि. लगेच, "नांदेडला ऑपरेशन करून घेऊ. शुक्रवारची तारीख घेतो."
चार वर्षं मी डोळ्याची तक्रार करतोय, तेव्हा "बघू बा, सुगी होऊ द्या." आता शुक्रवार. या घाईत डोळ्याची काळजी किती आणि बंदुकीची किती?
सोना म्हणते, "पोरगं चांगलं करून राहिलं तरी तुमाला खुपतंच." बायकोही त्याच्याच बाजूची झाली.

२८ डिसेंबर, नांदेड
शुक्रवारी नर्सबाईंनी सगळं उतरवायला लावलं. "आजोबा, करदोडा पण." मी चावी मुठीत धरली. ती म्हणाली, "तिजोरी हाय का काय?" बाकीचे पेशंट हसले. शेवटी चावी सोनाच्या हातात दिली. म्हटलं, तुझ्याशिवाय कुणाला नाही. तिने पदराच्या टोकाला गाठ मारली. मी गाठ मोजून... म्हणजे नीट बघून घेतली.
ती त्याच दुपारच्या गाडीने परत. घरी म्हशी. जवळ राहिला भाचा. वि. दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला, आला तिसऱ्या दिवशी.

२९ डिसेंबर
घरी. वारंगा फाट्यावर चहाला उतरलो तिथेच बातमी कळली. तांड्याजवळच्या ओढ्यात हरीण मेलेलं सापडलं. काळा नर. मानेत छर्रे. परवा सकाळचं.
 गाडीत मी डोळ्याच्या निमित्ताने मान खाली घालून बसलो.

३१ डिसेंबर
वनखात्याचा गार्ड आला. तरुण आहे, आदबीने बोलतो, त्यामुळे जास्त भीती.
"आजोबा, बंदूक कुठं होती?"
"पेटीत."
"तुमी?"
"नांदेडला. दवाखान्यात."
"चावी?"
वि. दारात उभा. सोना चुलीपुढे. दोघांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
मी म्हणालो, "माझ्याजवळ. करदोड्याला."
त्याने लिहून घेतलं. जाताना म्हणाला, "परवाना तुमच्या नावावर हाय आजोबा. बंदूक वापरली निघाली तर पहिलं नाव तुमचं येईल. आठवून ठेवा."
आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर खोटं बोललो. कुणासाठी, तेही नक्की माहीत नाही.

२ जानेवारी
सोनाला विचारलं, चावी कुठे ठेवली होतीस?
"डब्यात."
"कसल्या?"
"तिखटाच्या."
चावी नाकाला लावली. तिखटाचा वास नाही. तसं म्हटलं तर म्हणते, "धुतली मी. तुमच्या कंबरेला तिखट लावू का?" हसली. पन्नास वर्षांत ही चावी कुणी धुतली नव्हती.

३ जाने.
पेटी उघडली. काडतुसं पाच होती, पाच आहेत. पण एकाचं पितळ जास्त चमकतं. किंवा नव्या डोळ्याला सगळंच चमकतं. पट्टी काढल्यापासून कणगीवरची धूळसुद्धा लखलखते. जुन्या डोळ्याने पाहिलं तर पाचही सारखीच. कोणत्या डोळ्यावर विश्वास ठेवू?
परवान्याचं पुस्तक बघावं म्हटलं, नवी काडतुसं घेतली असतील तर नोंद असेल. पुस्तक नूतनीकरणाला हिंगोलीत. नेलं कुणी? वि. ने. माझ्या सहीची चिठ्ठी घेऊन. अर्जाच्या दिवशीच्या चार सह्यांतली एक तीच असणार.

५ जानेवारी
आज सरळच बोललो. बांधावर, दोघंच.
वि. म्हणाला, "बाहेरचे होते बा. जीप आली होती, शिरड शहापूरच्या अंगानं. नायकानं दिवे पायले."
"शिकारी असते तर हरीण उचलून नेलं असतं. शिंगंसुद्धा जागेवर होती."
"उजाडलं असंल. टाकून पळाले असतील."
"तू त्या दिवशी नांदेडला का नाही आलास?"
तो बराच वेळ ढेकळं फोडत राहिला. मग म्हणाला, "तुमी गार्डाला खोटं काहून सांगितलं? मी केलं असं धरूनच ना?"
आणि गेला. रागाने गेला, की बरं झालं विषय संपला म्हणून गेला, पाठीवरून कळलं नाही. चालताना तो अगदी माझ्या बापासारखा दिसतो.

६ जाने.
नर गेल्यापासून कळप आलेला नाही. हरभरा चांगला उभा राहिलाय. नायक वावरात येऊन म्हणाला, "औंदा साधलं बघा नाना."  
वि. माझ्यासमोर जेवत नाही. ताट घेऊन ओसरीवर जातो.

९ जानेवारी
निवडणूक लागली. ठाण्यातून निरोप, परवान्याची हत्यारं उद्या अकरापर्यंत जमा. दर निवडणुकीला असतं. पावती घ्यायची, निकालानंतर परत आणायची. शिपाई म्हणाला, "या खेपेला वनखात्यावालेबी बसणार हायेत."
जमा करायच्या आधी बंदूक साफ करायची, ही बापाची शिस्त. गजाला पांढरी चिंधी बांधायची, नळीतून एकदा ओढायची. दिवाळीआधी मीच पुसलेली आहे. कुणी हात लावला नसेल तर चिंधी तेलकट पांढरी निघेल. बार काढला असेल तर काळी. आणि एकदा ओढली की नळी स्वच्छ. मला कळेल, पण उद्या कुणालाच काही कळणार नाही. न ओढता नेली, तर मला कळणार नाही, त्यांना कळेल.
दुपारभर अंगणात बसून होतो. शेवटी गजाच्या मागच्या टोकाला चिंधी बांधली, गज आत घातला. गजाचं पुढचं टोक पलीकडे दिसायला लागलं आणि हात थांबला.
सोना शेजारी येऊन बसली. तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पांढरी निघाली तर पोराची माफी मागाल का?"
मी म्हटलं, "मागीन. पाया पडीन."
तिने मान हलवली आणि पुन्हा तांदळात खडे शोधू लागली. काळी निघाली तर काय कराल, हे तिने विचारलंच नाही.
गज अजून नळीतच आहे.