सपाट स्टेजवरचा न्याय

रविवार, ३ तारीख. दुपारी.
हरलो नाही. हरवला गेलो. फरक आहे.
मेहुणी क्रेन चालवते. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येते आणि आमच्याच सोफ्यावर बसून मला व्हिडिओ गेममध्ये तुडवते. गेम सोपा आहे. समोरच्याला बदडत बदडत स्टेजच्या कडेवरून खाली पाडायचं. माझा लोहार, हातात घण. तिचा बेडूक. आज ज्वालामुखीच्या स्टेजवर होतो. बेडकाचं टाळकं मी जवळजवळ फोडलंच होतं, तेवढ्यात खालून लाव्हा उसळला आणि लोहार पेटून वर उडाला. वर हवेत फळ्या तरंगत असतात. तिथे बेडूक आधीच जाऊन बसलेला. त्याने जिभेचा असा फटका हाणला की लोहार थेट स्क्रीनबाहेर. याला लढाई म्हणतात? मेहुणी म्हणाली, भाऊजी, लाव्हा मलाही लागतो. लागत असेल. मी काही पाहिला नाही.
कंट्रोलर भिंतीवर आपटला. हातातून निसटला असं घरात सांगितलं आहे.
खरा मुद्दा वेगळाच आहे. २४ तारखेला एका हॉलमध्ये याच गेमची जोड्यांची टूर्नामेंट आहे. माझी मुलगी, भिंगरी, उतरणार. जोडीदार मी की मावशी, हे तिचं ठरत नाहीये. शेवटी म्हणाली, येत्या १७ ला तुमच्यात जो जिंकेल तो. म्हणजे मीच. मॅच ही फक्त औपचारिकता.

सोमवार, ४.
निश्चय: यापुढे राग नाही. शांत माणूस जास्त जोरात मारतो.

मंगळवार, ५.
गॅरेजमध्ये एका बॉनेटचा पोचा काढत होतो. पोच्यात बेडूक दिसला. दणादण घाव घातले. पत्र्याला भोक. मालकांनी विचारलं, या गाडीने तुझं काय घोडं मारलं होतं? पत्रा कुजका होता असं सांगितलं. पत्रा नवा होता हे खरं, पण पुढेमागे कुजलाच असता.

शुक्रवार, ८.
शोध लागला! प्रत्येक स्टेजचं एक साधं रूप असतं. एक बटण दाबलं की फळ्या गायब, लाव्हा बंद. ज्वालामुखी मागे नुसता चित्रासारखा धुमसत राहतो, कुणाच्या वाटेला जात नाही. पायाखाली एक सपाट पट्टी, तिला दोन टोकं, बस. कुठलंही स्टेज घ्या, मागचं चित्र बदलतं, जमीन तीच. आयुष्यभर वाकडे पत्रे सपाट करतोय आणि मला हे आधी सुचू नये! सपाट जागेवर माणसाची खरी लायकी कळते.
मेहुणीला लगेच फोन. मॅच होईल तर सपाटवरच. ती म्हणाली, मला काय, कुठेही चालेल. आवाज घाबरलेला वाटला. मागे क्रेनची घरघर होती म्हणून नीट ऐकू आलं नाही, पण घाबरलेलाच.

रविवार, १०.
कंप्युटरविरुद्ध सराव. सपाट गिरणी, सपाट मालगाडी, सपाट बर्फ. दात पाडले. बरगड्या मोडल्या. एक अस्वल कडेला लोंबकळत होतं, त्याच्या बोटांवर घण घातला. फार बरं वाटलं. लेव्हल एक.
लेव्हल दोन लावली. त्याच अस्वलाने मला तंगडी धरून उचललं, डोक्यावर आपटलं, पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. लेव्हल दोनमध्ये प्रोग्रामची काहीतरी चूक आहे. लेव्हल एकवर परतलो. फॉर्म बिघडवण्यात अर्थ नाही.

बुधवार, १३.
भिंगरीबरोबर सराव. तिने मला चोपलं. ऊन डोळ्यांवर येत होतं. पडदा ओढला. पुन्हा चोपलं. आता अंधार झाला होता. भिंतीवर बुक्की मारली (शांतपणे). मधलं बोट टम्म सुजलं. बर्फ लावता लावता बायकोने विचारलं, तुला पोरीबरोबर खेळायचंय, की पोरीला दाखवायचंय? बायकांना या खेळातलं काही कळत नाही. मेहुणी आणि भिंगरी सोडून.

शनिवार, १६.
भिंगरीने आमच्या जोडीचं नाव ठरवून टाकलं: घणभिंगरी. मावशीबरोबर काय नाव ठेवशील, विचारलं. म्हणाली, तो विचारच केला नाही, बाबा, तू उद्या जिंक फक्त. डोळ्यांत पाणी आलं. बोट फार दुखतंय.

रविवार, १७. मॅच.
स्टेज ज्वालामुखी, सपाट. प्रत्येकी तीन जीव.
पहिला जीव: बेडकाने मला टोकाला नेऊन लाथ घातली. बोट सुजलेलं. मग मी त्याला जमिनीत ठेचला, पोट फुटेस्तोवर. मग त्याने मला. मग मी त्याला. दोघांचा एकेक जीव उरला. मी ओरडत होतो, भिंगरी सोफ्यावर उभी राहून, बाबा, मार, बाबा, मार, म्हणून किंचाळत होती.
आणि बेडूक थांबला. टोकाशी नुसता उभा. जीभ नाही, उडी नाही. मी ओळखलं, गर्भगळीत झाला! लपायला फळी कुठे आहे? घण उचलला, पार दुसऱ्या टोकापासून धावत आलो, झेप घेतली. तो घाव बसला असता तर बेडकाचा भुगा झाला असता. घाव बेडकाच्या डोक्यावरून गेला. घाव गेला तसा लोहारही गेला. कडेपलीकडे, खाली. गेम बनवणाऱ्यांनी निदान एक फळी ठेवायला हवी होती.
मेहुणी दाराकडून पार्सल घेऊन आत आली. तिचा कंट्रोलर सोफ्यावर तसाच पडलेला. तिने विचारलं, काय झालं, कोण जिंकलं? भिंगरी सोफ्यावरून खाली उतरली आणि म्हणाली, तू.

रविवार, २४.
त्या दोघी सकाळीच हॉलवर गेल्या. निघताना भिंगरी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, बाबा, त्या दिवशी दाराची बेल वाजली, म्हणून तुझं लक्ष तिकडे गेलं ना? मी सगळ्यांना तसंच सांगितलंय.
मी हो म्हटलं.
बेल मला ऐकूच आली नव्हती.