डोक्यात तुंबलेलं पाणी

जोगेश्वरी (पूर्व)
रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. नाशिकला आता थंडी पडली असेल. आम्ही दोघं बरे आहोत, एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण ते खरं नाही. अण्णांच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. घाबरू नकोस, गुरुवारी घरी आणलंय. दिवाळी इस्पितळातच गेली. तुला आधी कळवायला हवं होतं. धीर झाला नाही.

दसऱ्यानंतर ते मोरीपाशी पडले. भुवई फुटली म्हणून रिक्षात घालून सरकारी इस्पितळात नेलं. टाके घालून झाल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी, अनुपमा त्यांचं नाव, अण्णांना दारापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. ते कसे चालायचे ते तुला ठाऊक आहे. पाय फाकवून, तळवे लादीला चिकटल्यासारखे. वळायला आठ पावलं. बाईंनी मला विचारलं, लघवी झालेली कळत नाही का? विसरतात का? तासन्‌तास गप्प बसतात का? जणू त्या आमच्याच खोलीत राहत होत्या. मी खाली मान घालून सांगितलं, की आई गेल्यावर सोडलेली दारू त्यांनी पुन्हा धरलीय.

"तुम्हाला वास आलाय कधी?"

दादा, दोन वर्षांत एकदाही वास आला नव्हता.

मग मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले. बाईंनी केसपेपरच्या पाठीवर मला चित्र काढून दाखवलं. मेंदूच्या आत पोकळ्या असतात. तिथे पाणी तयार होत राहतं, रोज अर्धा लिटर म्हणे. ते मेंदूभोवती फिरतं, त्यातली घाण धुऊन नेतं आणि रक्तात जिरतं. अण्णांचं जिरत नव्हतं. पोकळ्या फुगल्या आणि मेंदू आतून दाबला गेला. चाल, लघवी, आठवण, सगळं त्यानंच बिघडलं होतं. मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर धाकट्या प्रेमाचा साखरपुडा येत होता. तिच्या सासरच्या माणसांपुढे ते कोलमडले, धोतर ओलं झालं, आणि तू सगळ्यांदेखत त्यांना बेवडा म्हणालास. त्यानंतर तू बदली मागून घेतलीस.

आधी मणक्यात सुई घालून थोडं पाणी काढून बघितलं. मी ती बाटली पाहिली. विहिरीच्या पाण्यासारखं स्वच्छ. जेवणानंतर बाईंनी पुन्हा चालायला लावलं. अण्णा उठले, वॉर्डच्या टोकापर्यंत गेले, एका दमात वळले आणि परत आले. खाटेवर बसून मला विचारलं, प्रेमाला कितवा महिना?

आता कानामागून कातडीखालून बारीक नळी पोटात सोडलीय. जादा पाणी तिथे जिरतं. काही गोष्टी परत येणार नाहीत असं बाई म्हणाल्या, पण पुष्कळ येतील.

येताहेत, दादा. तेच मला सोसत नाहीये.

मी टेलिफोन ऑफिसात असताना शेजारच्या शांताबाई अण्णांकडे बघतात, असं मी तुला मागे लिहिलं होतं. त्या फक्त दुपारी जेवू घालायच्या. बाकी वेळ मी अण्णांना बांधून जात होते. आईच्या लुगड्याची पट्टी, एक टोक मनगटाला, एक खाटेच्या पायाला. मागच्या पावसाळ्यात ते हायवेच्या मधोमध जाऊन बसले होते, तेव्हापासून. इस्पितळात बाईंनी मनगटावरचे वळ बघितले. मी म्हटलं, घड्याळाचा पट्टा घट्ट होता. त्यांच्याकडे घड्याळ कुठे आहे?

मी धरून चालले होते की त्यांना यातलं काही कळत नाही. परवा सकाळी मी कामावर जायला निघाले, चपला घातल्या. अण्णा खाटेवर बसून पेज पीत होते. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि डावा हात माझ्यापुढे केला.

"आज बांधूचा नाय?"

रागानं नव्हे रे. रोजचं विचारावं तसं. मला त्यांचा हात हातात घेता आला नाही. मी नाही म्हटलं आणि जिना उतरले. दिवसभर कॉल चुकीचे जोडत होते. संध्याकाळी आले तर ते स्वतः नळावरून बादली भरून आणत होते.

अजून एक राहिलं. बदलीचा अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी तू मला बाजूला घेऊन विचारलंस, जयू, खरं सांग, घेतात ना ते? मी हो म्हटलं. मी बाटली कधी पाहिली नव्हती. रोज त्यांचे कपडे धुऊन मी इतकी वैतागले होते की कुणीतरी त्यांच्यावर चिडावं असं मला वाटत होतं. तू माझ्या शब्दावर घर सोडलंस.

काल त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं. शिवदास अजून रागावलाय काय, म्हणाले. तू साखरपुड्यात काय म्हणालास तेही त्यांना अक्षर न्‌ अक्षर आठवतंय. मी सांगितलं, नाही, तो येणार आहे.

हे मात्र खोटं ठरू देऊ नकोस.

त्यांची लेक म्हणवून घ्यायला अजून धीर न होणारी,
तुझी बहीण
जयंती