उलटा केलेला अभ्रा

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. घरात फोन असताना कागद कशाला, तर फोनवर बोललं की आमच्या बाहेरच्या खोलीत अक्षर न् अक्षर ऐकू जातं, आणि बाहेरच्या खोलीत सासूबाई बसलेल्या असतात. पाकीट फोडायची हिंमत त्यांना अजून झालेली नाही. झाली की कळवीन.

बाळ परवा सहा आठवड्यांचं झालं. रडायच्या आधी गाल इतके फुगवतो की मी त्याचं नावच फुगा ठेवलंय. हे बोटीवर, परतायला अजून चार महिने आहेत.

लिहायचं कारण वेगळंच. सोमवारी एक बाई घरी येऊन गेली. खांद्याला निळी पिशवी, पायात आवाज न करणाऱ्या चपला. बाळंतपणानंतर आयांच्या मनाचं काय होतं, आणि त्या गोळ्या, दारू, तंबाखू असलं काही घेतात का, यावर म्हणे संशोधन चाललंय. सातव्या महिन्यात तपासणीच्या रांगेत मी त्यासाठी सही केली होती, ती तिने दाखवली. सही माझीच होती. त्या रांगेत पाय इतके सुजले होते की कुणी खुर्ची दिली असती तर मी कशावरही सही केली असती.

सोळा प्रश्न. मी साबणाच्या कारखान्यात वड्या तपासणारी. तपासायला येणारा कितीही गोड बोलला तरी तो खोटच शोधायला आलेला असतो, हे मला चांगलं कळतं. सगळीकडे ‘कधीच नाही’वर खूण केली आणि चार मिनिटांत मोकळी झाले. शेवटचा प्रश्न तर असा, की आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं का. असं कुणी परक्या बाईला सांगेल का? आणि सांगितल्यावर तिने फुग्यालाच उचलून नेलं तर?

ताई, तूही असल्याच कामात आहेस. खरं सांग, माझं नाव तू तर दिलं नाहीस ना?

आणखी एक. टाके अजून ओढतात. आईच्या गुडघ्यांसाठी आणलेल्या त्या जोरदार गोळ्या उरल्या असतील तर पार्सलमधून पाठव. इथला दुकानदार चिठ्ठी मागतो आणि फार चौकशा करतो. आईला बोलू नकोस, उगाच घोर लावून घेईल.

लोभ असू दे, सल्ले थोडे कमी असले तरी चालतील.

तुझी,
खारू


११ जून

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

नाव मी दिलेलं नाही. दिलं असतं तर आधी सांगून तुझं डोकं खाल्लं असतं. हा अभ्यास पाच-सहा गावांत एकदम चाललाय आणि आलेले फॉर्म तपासायचं काम आमच्या विभागात होतं, हे खरं. पण नातलगांचे कागद आम्ही हातात घेत नाही. तुझा घेतला असता तर कान उपटला असता.

दीड महिन्याच्या बाळाची आई आणि एकदाही रडू नाही, चिडचिड नाही, झोप छान? असल्या फॉर्मवर आम्ही लाल ठिपका देतो आणि बाईला पुन्हा पाठवतो. खरे फॉर्म ओबडधोबड असतात. कुठे क्वचित, कुठे बरेचदा, आणि नवऱ्याच्या रागाच्या रकान्यात पेन कागदातून आरपार गेलेलं. गोळ्यांच्या प्रश्नालाही फाडकन नाही म्हणणारीपेक्षा डॉक्टरांनी दिल्या तेवढ्याच घेते, असं लिहिणारीवर आमचा लवकर विश्वास बसतो. हे आतलं गुपित, फक्त तुला हसवायला.

कुणी मनातलं खरं लिहिलं तर त्या आईला डॉक्टरकडे नेतात. तिच्यासाठीच तर सगळा खटाटोप आहे. तू बाळ जाईल म्हणून घाबरू नकोस.

आईच्या गोळ्या मात्र मी पाठवणार नाही. टाक्यांसाठी असल्या गोळ्या आठ-दहा दिवस देतात, तुला दीड महिना झाला. दुकानदार चौकशा करतो म्हणजे तू त्याच्याकडे जाऊन आलीस. किती वेळा? लहानपणी बिस्किटं उशीच्या अभ्र्यात लपवायचीस आणि मुंग्या लागल्या की माझं नाव सांगायचीस, म्हणून तर तू खारू. मला संशयी म्हण, पण उत्तर दे.

फुग्याच्या गालांना पापा. सल्ले कमी केले आहेत, त्याची नोंद घ्यावी.

तुझी,
ताई


२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं गुपित फार कामाला आलं! निळी पिशवी पुन्हा आली. या वेळी मी रडू बरेचदा, चिडचिड बरेचदा, झोप क्वचित, अशी मस्त पेरणी केली. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तेवढ्याच. शेवटच्या प्रश्नाला कधीच नाही. बाईने मान डोलावली. आमच्याकडे तपासणीच्या दिवशी खोक्याच्या वरच्या थरात चांगल्या वड्या लावतात, अगदी तसं झालं. तुमच्या लाल ठिपक्याला चकवलं की नाही?

पण आता खरी गंमत ऐक. फॉर्ममध्ये घरातल्या माणसासाठीही एक पान असतं. ते सासूबाईंनी भरलं, खिडकीकडे तोंड करून, हाताने कागद झाकून. माझ्याबद्दल काय काय लिहिलं असेल! हल्ली त्या मला फुग्याला घेऊन जिना उतरू देत नाहीत. मी पाणी प्यायले की पेला उचलून हुंगतात. परवा धुण्याचा वार नसताना सगळ्या उशांचे अभ्रे काढून नेले. मला वाटतं त्यांना फुगा स्वतःकडे हवाय. हे आले की त्यांचे कान भरतील, आणि मी कुठे जाऊ?

गोळ्यांचा विषय सोड. फार ओढ लागली तरच घेते. घेतली की अंगावरचं ओझं उतरतं आणि फुग्याचं रडणं शेजारच्या घरातून येतंय असं वाटतं. तेवढाच आराम.

लोभ राहू दे, आणि सासूबाईंचं पत्रबित्र आलं तर विश्वास ठेवू नकोस.

तुझी,
खारू


२४ जून

सुनेच्या थोरल्या बहिणीस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही वयाने लहान, पण या विषयात शिकलेल्या, म्हणून लिहिते. हे पत्र लिहिल्याचं तिला कळू देऊ नका.

मी तीस वर्षं इस्पितळाच्या धोबीखान्यात होते. अभ्रा पाण्यात टाकण्याआधी उलटा करून झटकायचा, ही हाताची सवय आहे. आत सुया, कापूस, काहीही निघतं. मागच्या आठवड्यात सुनेचा अभ्रा उलटा केला तर गोळ्यांची अकरा रिकामी पाकिटं पडली. फुग्याच्या छोट्या उशीतून दोन भरलेली. मी सगळी होती तशी परत ठेवली.

सोमवारी ती फुग्याला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ रडून रडून त्याचा आवाज बसला, मी चार हाका मारल्या, तिला जाग नाही. मी त्याला उचललं तरी तिला कळलं नाही.

त्या पाहणीवाल्या बाईंनी माझ्यापुढेही पान ठेवलं. मी लिहिलं, सून ठणठणीत आहे, औषध काही घेत नाही. धोबीखान्यात असताना एका बाईचं तान्हं तिच्यापासून काढून नेलेलं मी पाहिलंय. त्या बाईची चादर मीच धुतली होती. ते मला या घरात नको होतं.

दुसरं कारण सांगायला लाज वाटते. माझा मुलगा चार महिन्यांचा होता तेव्हा मी खोकल्याचं औषध बाटलीने प्यायची. खोकला नव्हता. डोकं शांत व्हायचं, एवढंच. आठ महिने चाललं, कुणी विचारलं नाही. एका दुपारी तो माझ्या हातातून जिन्यावर पडला. भुवईवर खूण आहे ना, ती. मी सगळ्यांना दार लागलं म्हणून सांगितलं, त्यालाही तेच सांगितलं. तो आता चौतीस वर्षांचा आहे.

सुनेशी कसं बोलायचं ते मला सांगा. मी तोंड उघडलं की तिला वाटतं मी तपासणी करतेय. करतेच आहे म्हणा.

आपली लोभाभिलाषी,
खारूची सासू


२९ जून

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

सोबतचं पत्र तुझ्या सासूबाईंचं आहे. तुला कळू देऊ नका म्हणाल्या होत्या. मी त्यांचं ऐकलं नाही आणि तसं त्यांना कळवलंय. दोघींनी मिळून माझ्यावर रागवा, मी सोसेन.

माझी चूक त्यांच्यापेक्षा मोठी आहे. तुझ्या मनात काय चाललंय ते तू पहिल्याच पत्रात सांगितलंस आणि मी शहाणपणा मिरवत तुला फॉर्म कसा फसवायचा ते शिकवलं. पंधरा वर्षांच्या कामात मला पहिल्यांदा माझ्याच हाताची भीती वाटली. तुझ्या कागदावर लाल ठिपका पडायला हवा होता, तो मी पुसला. घरातल्या पानावर सासूबाईंनी पुसला. आता सगळ्या संशोधनात तुझ्या घराइतकं निरोगी घर नसेल.

शेवटच्या प्रश्नाला तू काय लिहिलंस ते मला माहीत आहे. खरं उत्तर मला माहीत नाही, आणि त्यामुळे मला जेवण जात नाही. निळी पिशवी पुन्हा येईल तेव्हा खरं लिही. तिच्यावर विश्वास नसेल तर मला लिही. गोळ्या मात्र रागाच्या भरात एकदम बंद करू नकोस, त्यानेही त्रास होतो. डॉक्टर सांगतील तसंच. फोन कर, हवा तर बाहेरच्या खोलीतूनच कर. मी शनिवारी येतेय.

माझ्यावर लोभ उरला असेल तेवढा राख.

तुझी,
ताई


११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू येऊन गेलीस, पण सासूबाईंसमोर मी तुझ्याशी नीट बोलले नाही, तुझी पिशवीही उचलायला आले नाही. राग होता. तुम्ही दोघी आतून एक झालात, याची मला खात्रीच पटली होती. तू गेल्यावर ह्यांचा फोटो काढून भुवई बघत बसले. मग सासूबाईंना विचारलं, दार कुठलं होतं. त्या घड्या घालत होत्या, त्या थांबल्या नाहीत. दार नव्हतंच, असं म्हणाल्या.

बुधवारी निळी पिशवी आली. मी जुने दोन्ही फॉर्म परत मागितले. ते देता येत नाहीत म्हणे, पण तिने नवा दिला. आधी चार मिनिटं लागली होती, या वेळी तास लागला. गोळ्यांचा आकडा लिहिला, दुकानंही तीन लिहिली. शेवटच्या प्रश्नाला बरेचदा लिहिलं. ताई, बरेचदा. तुला हे सांगायला शाई पुरेना असं झालंय, म्हणून एवढंच.

बाईने काही टिपून घेतलं नाही. पेनाला टोपण लावलं आणि डॉक्टरांना इथूनच, माझ्या देखत, मला ऐकू येईल असा फोन लावू का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला तपासलं. गोळ्या हळूहळू कमी करायच्या, पाकिटं सासूबाईंच्या कपाटात राहायची आणि दर आठवड्याला बोलायला जायचं. फुग्याला कुणी नेलं नाही. तरी बाई पाणी प्यायला उठली तेव्हा मी तिच्या पिशवीत डोकावून घेतलं. बाळ न्यायचा कुठलाच कागद नव्हता. ह्यांना मी स्वतः कळवणार आहे.

सासूबाईंनीही आपलं पान बदलून मागितलं. ते झाल्यावर त्यांनी बाईंना विचारलं, चौतीस वर्षांपूर्वीचं बाळंतपण चालेल का. बाई म्हणाल्या, अभ्यासात बाळ वर्षाच्या आतलं असेल अशाच आया घेतात. सासूबाई म्हणाल्या, नका घेऊ, पण कागद द्या. चष्मा लावून टेबलाशी बसल्या. सोळाही प्रश्न भरले. या वेळी कागद हाताने झाकला नव्हता.

लोभ असावा. संशय अजून थोडा आहे, तोही हळूहळू कमी करते. हे पत्र टपालात टाकायला सासूबाईच निघाल्यात. पाकीट मी चिकटवलेलं नाही.

तुझी,
खारू