शांतताकाळातलं पदक

आबा, आज गंगापूर रोडच्या हॉटेलात मालक मागून ओरडला आणि माझ्या हातातून चहाचा ट्रे पडला. नोकरी गेली. माझी कुठलीच टिकत नाही म्हणा. पण कप फुटले आणि तुम्ही आठवलात. देवळ्याला सुट्टीवर आलात की नुसतं "सरळ उभा राहा!" म्हणायचात आणि माझ्या हातातून तांब्या सुटायचा. मग पट्टा. त्याचं पितळी बक्कल आई चिंचेनं घासून ठेवायची. चिंचेनं पितळ काय चकाकतं! मी भांड्यांच्या दुकानातही होतो चार महिने, पण ते असू दे.

मी नऊ वर्षांचा होतो. सरावात एका रिक्रूटच्या हातातून पिन काढलेला ग्रेनेड पायाशी पडला. तुम्ही त्या पोराला भिंतीपलीकडे ढकललंत, स्वतः ग्रेनेडपाशी राहिलात. लढाई नसताना मिळतं ते शौर्यचक्र मिळालं. मानपत्र वाचत होते, "स्वतःच्या जिवाची पर्वा न करता", आणि आई पदराआडून पुटपुटली, "दुसऱ्याच्याबी कुठं व्हती." शेजारच्या बाईंना वाटलं, रडतेय. शांतताकाळातलं पदक म्हणतात याला. आमच्या घरात शांतताकाळ तुम्ही मेल्यावर सुरू झाला.

गेल्या महिन्यात शाळेत तुमचा पुतळा बसवला. मिशी तुमच्यापेक्षा जाड केलीय. तो रिक्रूट, आता हवालदार, मला नळाकडे घेऊन गेला.

"भाऊ, कुणाला बोलू नका. माझा हात थरथरत होता. उस्तादांनी, म्हणजे तुमच्या आबांनी, मानेवर फाडकन दिली, तेव्हाच ग्रेनेड सुटला."

"पट्ट्यानं?"

"नाही हो, हातानं."

म्हणजे पाडलात तुम्हीच. हेच सांगायचं ठरवून मी माईकपाशी गेलो. समोर आई बसलेली, नवं लुगडं, अंबाड्यात गजरा. तुम्ही गेल्यापासून तिला हळूहळू आवडायला लागलात, पुतळा रोज पुसते. मागून हेडसर ओरडले, "मोठ्यानं बोल रे!" आणि मानपत्राचा कागद माझ्या हातातून पडला. उचलला, आणि जे छापलं होतं तेच वाचलं. टाळ्या पडल्या.

हे पत्र पुतळ्यापाशी ठेवणार होतो. नको, आईला सापडेल. खिशातच राहू दे. एक मात्र कबूल करतो. त्या हवालदाराचा मला अजून राग येतो. मार आम्ही दोघांनी खाल्ला. ढकललंत फक्त त्याला.