तुझी मूठ तिच्या टोपलीत

आये, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या मुंबईच्या बाईचा मला अजून राग येतो. गोवा नुकताच मोकळा झाला होता, तेव्हा ती वेंगुर्ल्याला आपल्या काजूच्या कारखान्यात आली. कामगार बायका आपापसात कुठले न लिहिलेले नियम पाळतात, याचा म्हणे तिचा अभ्यास. आपल्यात बसून गरांची साल काढायला शिकली. शिकली कसली, अर्धे गर मोडायची! आणि तू हसून म्हणायचीस, "रवांदे गो बाये, हळूहळू जमतला." माझा एक गर मोडला की मात्र तुझे डोळे वटारलेले.

आपला रिवाज तिला तूच दाखवलास. आजारपणाने किंवा अंगावर पिणाऱ्या पोरामुळे जिचा हात मागे पडे, तिच्या टोपलीत शेजारणी संध्याकाळच्या वजनाआधी आपल्या गरांतली एकेक मूठ टाकत. मुकादम नेमका तेव्हाच विडी ओढायला बाहेर जाई. मी हिवतापातून उठून कामावर आले, त्या संध्याकाळी सगळ्या शेजारणींच्या मुठी माझ्या टोपलीत पडल्या. तुझी नाही. तुझी पडली माझ्या शेजारी बसलेल्या त्या मुंबईच्या बाईच्या टोपलीत. तिचं कुठे पोट होतं त्या वजनावर? तिनेच विचारलं, "मावशी, मुलीला का नाही दिलीत?" तू म्हणालीस, "चेडू माझाच गो. आपल्याच घरात दिलेल्याक देणा म्हणतत काय?" सगळ्याजणींनी माना डोलावल्या. तिला तर नवा नियम सापडल्याचा केवढा आनंद झाला. मी खाली बघून सोलत राहिले, जळत.

पुढे ती आपल्या चुलीपुढे बसून पेज आणि सुका बांगडा खाऊ लागली, मावशीची 'आये' झालीस तू तिची. खोटं कशाला बोलू, मी मनातून खूश झाले. म्हटलं, आता हीही घरचीच, आता हिलाही तुझी मूठ बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू पुन्हा तिच्याच टोपलीकडे वळलीस; 'आये' म्हणाली तरी तुझ्या लेखी ती परकीच.

तुझा नियम मला तेव्हाही कळला होता, आता तर पटतोही. पटून राग जात नाही, एवढंच. हे पत्र कुठे धाडायचं नाही. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हेही तिच्याकडूनच वाचून घेतलं असतंस. आये, मला एक संध्याकाळ तरी तुझी कुणी परकी व्हायचं होतं.