सरावासाठी भरलेल्या अर्जावर मिळालेला प्रवेश रद्द होण्याबाबत

प्रति,
मा. प्रवेश अधिकारी,
महाविद्यालयीन प्रवेश कक्ष

विषय: समुपदेशिकेचा प्रवेश रद्द करून ती जागा विद्यार्थिनीस देणे.
संदर्भ: आपले ‘प्रशिक्षणास हजर राहावे, अन्यथा कारवाई’ हे पत्र.

महोदय,

१. अर्जदार अठरा वर्षे शाळेत समुपदेशिका आहे. मुलांना कॉलेजपर्यंत कसे पोचवावे, हे शिकवायला आपण तिला पाच दिवस बोलावलेत, तेही नेमके प्रवेश अर्ज भरायच्या आठवड्यात. मुहूर्त काढावा तर आपल्या कार्यालयानेच.

२. ‘मुलांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा,’ असे सांगून तज्ज्ञांनी प्रत्येकीकडून ऑनलाइन अर्ज भरून घेतला. टक्के किती लिहू, असे विचारल्यावर ‘लिहा सत्त्याण्णव, सरावच तर आहे,’ असे उत्तर मिळाले. मग चहा झाला. अर्ज मात्र खऱ्या यादीत जमा झाले आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी अर्जदारास रसायनशास्त्राच्या प्रथम वर्षाला प्रवेश मिळाला. नवऱ्याने अभिनंदन करून वह्या आणून दिल्या.

३. त्याच जागेच्या प्रतीक्षा यादीत पहिली आहे ती अर्जदाराच्याच शाळेतली मुलगी. आई कपडे शिवते. घरातून कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच. गुण एक्क्याण्णव टक्के, आणि ते खरे आहेत. प्रशिक्षणाच्या काळात समुपदेशन कक्षाची किल्ली तिच्याकडे होती. कसलेही प्रशिक्षण नसताना तिने अकरा वर्गमित्रांचे अर्ज भरून दिले. अकराही जणांना प्रवेश मिळाला.

४. अर्जदार आपल्या खिडकीवर तीनदा आली. प्रवेश सोडायला शाळेच्या समुपदेशिकेचे शिफारसपत्र लागते, असे कळले. तिने स्वतःची समजूत घालून स्वतःला पत्र दिले. परंतु नोंदीत ती विद्यार्थिनी दिसत असल्याने तिची सही चालत नाही, असे लिपिकांनी सांगितले. नियमापुढे शहाणपण चालत नाही, हे अर्जदारास मान्य आहे.

५. मुदत शुक्रवारी संपते. काल ती मुलगी किल्ली परत द्यायला आली. सगळे ऐकून घेऊन म्हणाली, “बाई, तुम्ही जा कॉलेजला. पुढच्या वर्षी फॉर्म भरायला कुणीतरी लागेलच ना, मी बसते इथं.” अठरा वर्षे दुसऱ्यांच्या मुलांची समजूत काढणाऱ्या बाईला याची फार लाज वाटली.

तरी शुक्रवारपूर्वी प्रवेश रद्द करावा. ते जमत नसेल, तर पुढच्या प्रशिक्षणाला तज्ज्ञ म्हणून त्या मुलीला बोलवावे. ती मोकळीच असेल.

आपली नम्र,
(सही)
समुपदेशिका, आपल्या नोंदीनुसार विद्यार्थिनी, प्रथम वर्ष
बुधवार

सोबत:
१. अर्जदाराचे प्रवेशपत्र
२. अर्जदाराची जुनी गुणपत्रिका (चोपन्न टक्के)
३. मुलीची गुणपत्रिका