दोन खांबांच्या मधे

४ ऑक्टोबर
सफाक्स शहरातून या गावात पोचले एकदाची! घरमालकीण मबरूका, जिला इथे सगळे 'खालती' म्हणजे मावशी म्हणतात, मला दारातच न्याहाळून म्हणाली, "अगं, अंगावर मांस आहे का काही? आधी बस, खा." हरिसा, म्हणजे लाल मिरचीचं वाटण, लावलेली गरम भाकरी, वर कडक चहा. खिडकीतून मिठाचं सरोवर दिसतं, कोरडं, पांढरंफेक. उद्या माझा मदतनीस लमजद आणि मी त्यावर खांब रोवणार. प्रत्येक खांबावर रेडिओयंत्र. एकाने संदेश धाडायचा, पुढच्याने ऐकायचा. वाटेत तो किती क्षीण होतो, ते गणित मी मांडायचं. मधे झाड नाही, भिंत नाही. अशी जागा मिळायला नशीब लागतं!

७ ऑक्टोबर
गणित छान जुळतंय. फक्त शेवटच्या दोन खांबांमधे संदेश भलताच दुबळा होतो. मधे माणूस उभा राहिला की होतो तसा. शरीरातलं पाणी लहरी शोषून घेतं. लमजद म्हणतो, "इंजिनिअरबाई, नवरदेव उभा असेल तुमचा!" दुर्बिणीतून पाहिलं. नुसतं मीठ.

८ ऑक्टोबर
यंत्रं बदलली, बॅटऱ्या बदलल्या. उपयोग नाही. उलट घट दुप्पट झालीय, दोन माणसं असावीत तशी. जेवताना खालतीला सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. तिचा नवरा आणि दीर मीठ काढायला तिथेच गेले होते. वरचा थर फुटला, खालच्या चिखलाने दोघांना ओढून घेतलं. प्रेतंसुद्धा मिळाली नाहीत. मग हळूच विचारलं तिने, "उभेच आहेत का गं अजून?"

१० ऑक्टोबर
तिथलं काम सोडू म्हटलं. लमजद चिडला. मिठाला भिऊन पळालो तर गाव हसेल, म्हणाला. भर दुपारी शेवटचे खांब उपटायला एकटाच गेला. मी यंत्राच्या पडद्यावर संदेशाचा आकडा पाहत होते. तो मधे शिरला, संदेश आणखी घसरला. बरोबर, तिसरा माणूस.
लमजद परत आलाय. रिकाम्या हातांनी, हसत.
पडद्यावर अजून तिघेच आहेत.

११ ऑक्टोबर
तो बोलत नाही. जेवत नाही. दोन यंत्रं समोरासमोर ठेवून त्याला मधे बसवलं. आकडा हलला नाही. मी बसले — आकडा लगेच घसरला.
लमजद बघत होता. म्हणाला, तिकडे अजून जागा आहे.

१२ ऑक्टोबर
त्याला बाहेर काढून कडी घातली, आणि ती दोन यंत्रं उंबऱ्याच्या दोन्ही टोकांना लावली. बाहेर आता आणखी दोघांचे आवाज. खालती रडतेय, हसतेय. मी सांगितलं, उंबऱ्यावरची यंत्रं म्हणतात तिथे कोणी नाही — ती ओरडली, "यंत्राचं मला नको सांगूस! आवाज माझ्या माणसाचा आहे!"
कडी काढली तिने. बाहेर गेली —

परत आली. हसतेय. उंबऱ्यातच उभी आहे, दोन्ही यंत्रांच्या मधोमध, आणि आकडा हलत नाही.
मी माझा हात मधे धरला, तरी तो तसाच. आकडा —